डोंगरासकट

इद्वाल प्रॉसर गेला त्या क्षणापासून
मी त्याची सही झाले.
असं वकीलबाई म्हणाल्या, माखुन्लेथच्या कचेरीत,
हीटरवर त्यांचे ओले मोजे वाळत असताना.
अधिकार मृत्युपत्रातूनच येतो, तेग्वेन.
कोर्टाचा कागद तो चारचौघांत दाखवायला.
सौदा आजही ठरव,
पण मोहोर उठलेली प्रोबेटची प्रत बघितल्याशिवाय
घेणारा पैसे मोजायचा नाही.

सोळा आठवडे, म्हणाल्या. तेवीस लागले.

तेवीस आठवडे मी त्या घराचं कुलूप काढलं, लावलं.
नळ गोठू नयेत म्हणून शेगडी पेटवली,
विमा भरला, मीटरचे आकडे उतरवले.
चष्म्याच्या घरात तीन पौंड सापडले,
तेही जमेच्या बाजूला.

माझं पशुखाद्याचं दुकान.
उधारीच्या वहीत इद्वालच्या नावावर
दोन हजार एकशे चाळीस, चार हिवाळ्यांचे.
म्हणजे देणं त्याचं, फेडणारी मी,
आणि दारात उभी असलेली सावकारही मीच.
मी मला म्हटलं, बाई, रांगेत थांब,
आधी शवपेटीवाला, मग सरकार, मग बँक.

भाचा गेथिन आला, बूट न काढता आत.
विकू नकोस, म्हणाला, आजोबांची जमीन आहे.
भाची लोरीचा पर्थहून फोन,
विकून टाक. लवकर.
दोघांना चहा आणि कान दिला,
एकीला नुसता कान.
मृत्युपत्रात ओळ सरळ होती:
विका, फेडा, उरेल ते दोघांत सारखं.
अक्षर टाइपरायटरचं,
तरी वाचताना त्याचं घसा खाकरणं ऐकू आलं.

घर विकता येतं. कुरण, ट्रॅक्टर, वजनकाटा,
सगळं विकता येतं.
पण वरच्या डोंगराला कुंपण नाही.
मेंढी कोकराला दाखवते, इथवर आपलं,
ओहोळापलीकडे दुसऱ्यांचं.
ते कोकरू पुढे आपल्या कोकराला दाखवतं.
कनेव्हिन म्हणतो आम्ही त्याला.
एकदा कळप बाजारात गेला की ते शिकवणारं कुणी उरत नाही.
म्हणून आमच्याकडे मेंढ्या डोंगरासकट जातात.

मूल्यांकनवाल्याने लिहिलं, नग दोनशे दहा.

दोन गिऱ्हाइकं आली.
एक जोडपं, कळपासकट घेणारं, बँकेच्या जिवावर.
दुसरी कंपनी, झाडं लावणारी. मेंढ्या नकोत,
आणि बावीस हजार जास्त.
मी कायदा तीनदा वाचला.
दुसऱ्याचं विकणाऱ्याने चांगला भाव सोडायचा नसतो.
माझं मन त्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं.

आकडा ऐकून गेथिन बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, बावीस म्हणजे बावीस.
आजोबांचं नाव निघालं नाही.

लोरीला कळवणं माझं काम होतं म्हणून फोन केला.
तिकडे पहाटेचे तीन.
तिने पैशांचं विचारलंच नाही.
म्हणाली, अजून ओहोळापाशी वळतात का गं?
वळतात, म्हटलं.
पलीकडे नळाचं पाणी पडत राहिलं.
मग म्हणाली, गेथिनचे अकरा माझ्या वाट्यातून दे त्याला.
कागद पाठव, सही करते.

वकीलबाईंनी कागद केला. बसतं, म्हणाल्या, कायद्यात.

किल्ल्या दिल्या त्या दिवशी हिशेब बंद केला.
माझी उधारी सगळ्यात शेवटी चुकती झाली,
मी मलाच पावती फाडून दिली, तारखेसह.

दुसऱ्या सकाळी सवयीने शेगडी पेटवायला निघाले,
ओहोळापर्यंत गेले आणि लक्षात आलं.
नव्या बाईंच्या खिडकीत दिवा होता.
वर मेंढ्या चरत होत्या,
एकीनेही मान वर केली नाही.
मी तिथूनच वळले.